डावा कान

पाचपावलीत, हातमाग विकून मोकळ्या झालेल्या
एका लांबट खोलीत चालायचा आमचा क्लास.
फरशीत अजून दिसायचे मागाच्या खड्ड्यांचे चौकोन,
सिमेंटनं बुजवलेले, तळपायाला वेगळे गार लागणारे.
हेडाऊ सर म्हणायचे, तिथंच उभी राहा,
तिथं माझ्या बापाचे पाय चाळीस वर्षं हलत होते.

मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं की
आम्ही तोच विषय काढायचो:
"सर, त्या हिरोले खरंच येते काय कराटे,
का सगळी तारेची कमाल?"
मोन्या डेकाटे पैज लावायचा, दोन प्लेट तर्री-पोहे.
सर पट्टा आवळायचे.
"पाय पाहा बे त्याचे.
तोंड काऊन पाहून राह्यले?"

मग आम्ही पाय पाहू लागलो.
इतवारीच्या टॉकीजमध्ये, पुढून तिसऱ्या रांगेत,
पडद्यावर दहा जण हवेत उडत असताना
आम्ही सहा जण खालचा कोपरा धरून बसलेले:
टाच उचलली का, कंबर वळली का.
आणि जिथं पाय नेमका दिसायला हवा
तिथंच कॅमेरा चेहऱ्यावर जायचा.
मोन्या उभा राहून ओरडायचा, "पकडला!"
मागून आवाज, "बस ना बे खाली."

सरांनी सांगितलं एकदाच, तेही कुणी न विचारता,
माझा बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी,
पेढा अर्धा हातात धरून.
तरुणपणी ते मुंबईला गेले होते, तीन महिने,
हिरोच्या पाठीचं काम करायला.
पाठ यांची, घाम यांचा,
वळलं की चेहरा त्याचा.
"मंग येत होतं काय त्याले?"
"येत होतं ना. एक लाथ. उजवी.
चाळीस दिवस पहाटे उठून घोटली होती गड्यानं.
माझ्याहून देखणी. खोटं कायले बोलू?"
गार चौकोनावर अंगठा घासला त्यांनी.
"फक्त थांबवता येत नव्हती."

तेव्हा कुठं कळलं,
डावीकडून हाक मारली की सर वळत का नाहीत.
सहा वर्षं आम्ही त्याला एकाग्रता समजत होतो.
मोन्यानं तर सरावही केला होता घरी,
आईनं जेवायला बोलावलं तरी न वळण्याचा.

त्यानंतर महिनाभर एकच धडा:
मूठ सगळ्या जोरानं सोडायची
आणि समोरच्याच्या नाकाआधी
तांदळाच्या दाण्याएवढी जागा ठेवायची.
माझी मूठ दोनदा पोचली मोन्याच्या नाकावर.
मग नाही पोचली.
पडणं मात्र पहिल्या दिवसापासूनच होतं.
हनुवटी छातीला, हात सपाट, श्वास बाहेर.
"मारणारा पोस्टरवर जाते, पोरी.
पडणाऱ्याले घरी जायचं असते."

आता मी बेचाळीस वर्षांची.
त्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात,
चौकोनांवर चकचकीत टाइल.
मी आजवर कुणाला चापटही मारलेली नाही.
एकदा वेळ आली होती, ऑफिसात,
तेव्हा मी नुसता रजेचा अर्ज टाकला.

पण परवा कामठी रोडवर, मेट्रोच्या खांबापाशी
सांडलेल्या गिट्टीवर स्कूटी घसरली.
मी पडतेय हे मला कळलंच नाही,
हनुवटीला कळलं. खांद्याला कळलं.
एक कोलांटी, आणि मी उभी,
एका पायात चप्पल,
पिशवीतलं दही रस्ताभर.
लोक जमले. पानठेल्यावरचा एक पोट्टा म्हणाला,
"बाई, पिक्चरमध्ये काम करता काय?"

डाव्या बाजूनं विचारलं होतं त्यानं.
नीट ऐकू आलं.
मी वळले नाही.